नुसती दोरी ओढू नका

आमच्या देवबागात एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. मधली जमीन इतकी चिंचोळी, की एका किनाऱ्यावर कुणी इंजिनाची दोरी ओढू लागला की दुसऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाला ते ऐकू येतं. नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात तर सकाळी तोच आवाज. खर्र... खर्र... खर्र. मग थोडी शांतता, मग एक शिवी, मग परत खर्र. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "म्हातारां झालां इंजिन, आता नवीन घेवक् व्हयां."

माझं भांडण या वाक्याशी आहे. आज मी ते मोकळेपणाने करणार आहे, कारण या वाक्याने आमच्या घरात कर्ज आणलं आणि त्यात माझाही हात होता.

आमचं इंजिन आठ घोड्यांचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. काकांनी ते जुनंच विकत घेतलं होतं. होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळायचं, पेट्रोलची टाकी पायाशी, मध्ये रबरी नळी आणि नळीत तो हाताने दाबायचा फुगा. बस. याहून साधं यंत्र घरात शिवणाचं मशीन तेवढं असेल. काकांच्या हातात ते दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला पेटायचं. काका थकले, होडी धाकट्या भावाकडे गेली, आणि दोन-तीन हंगामांत तेच इंजिन चाळीस-चाळीस ओढी मागायला लागलं.

त्या वर्षी ऑगस्टात मी गावी होतो. भावाबरोबर जाळं टाकायला गेलो. परतताना संगमावर ओहोटी जोरात होती. ज्यांनी कर्लीचं मुख पाहिलंय त्यांना सांगायला नको. खाडीचं पाणी बाहेर धावतं, समुद्राची लाट आत येते, दोघं भिडतात तिथे पाणी उभं राहतं. भावाने समोरची होडी जाऊ द्यायला मूठ सैल केली आणि इंजिन बंद पडलं. मग दोरी. मी एका वल्ह्यावर, तो दोरीवर. होडी आडवी होत फुटणाऱ्या लाटांकडे चाललेली. त्याने किती वेळा ओढली ते मी मोजलं नाही, पण त्याच्या तळहाताची साल निघालेली मी पाहिली. शेजारच्या वाडीतल्या एका होडीने आम्हाला दोर टाकला म्हणून हा लेख लिहायला मी आहे.

दुसऱ्याच दिवशी इंजिन मेकॅनिककडे गेलं. त्याने दोन्ही प्लग बदलले, कॉईल बदलली, पैसे घेतले. इंजिन तसंच. मग त्याने मान हलवली आणि तेच वाक्य म्हटलं. मला राग त्याच्या चुकीचा नाही. चुकतो माणूस. राग याचा आहे की त्याने काहीही तपासलं नाही, नुसतं बदललं. जे बदलता येतं ते बदलायचं, आणि तरी जमलं नाही तर यंत्राच्या वयावर ढकलायचं, ही आता रीतच झाली आहे. वयाला कुणी उलट प्रश्न विचारत नाही ना!

भावाने नव्या इंजिनासाठी कर्जाचे कागद केले, आगाऊ रक्कम दिली. जुनं भंगारात जायचं म्हणून पडवीत येऊन पडलं. तिथे ते काकांना दिसलं.

काकांनी आधी काय केलं? दोरीला हातच लावला नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का पाहिला. तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल वर चढत नाही. निम्मी "म्हातारी" इंजिनं या एका स्क्रूवर बरी होतात. मग बंद करायच्या बटणातली लाल दोरीची क्लिप जागेवर आहे का, गिअर न्यूट्रलला आहे का. मग दहा-बारा ओढी मारून प्लग काढला आणि माझ्यासमोर धरला.

"काय दिसता?"

"सुको आसा."

"मगे?"

या 'मगे?'मध्ये सगळी विद्या आहे. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगीकडे बघा, किंवा चोक जास्त झालाय. चोक सोडून मूठ पूर्ण उघडी ठेवून ओढा. प्लग सुका असेल तर ठिणगी कितीही चांगली असो, पेटायला आत काही नाही. नवे प्लग आणि नवी कॉईल घालून उपयोग काय? उपाशी माणसाला चष्मा बदलून देण्यासारखं ते. काकांनी तरी ठिणगी पाहिलीच. पेट्रोल बाजूला नेलं, दोन्ही प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवले, दोरी ओढली. ठिणगी निळी, कडकडीत. बोटाने प्लगचं भोक दाबून पुन्हा ओढली; बोट उडालं, म्हणजे दाब शिल्लक होता. दाबमापक यंत्राइतकं हे अचूक नाही, पण मेलेलं आणि जिवंत यातला फरक बोटाला कळतो.

मग फुगा. दाबत गेलं की पाच-सात दाबांत तो दगडासारखा घट्ट व्हायला हवा. आमचा होईना. नळी इंजिनाला जिथे खटकन बसते, तिथल्या जोडातली छोटी रबरी रिंग कडक होऊन चिरली होती. तिथून पेट्रोल गळत नव्हतं, हवा आत ओढली जात होती, म्हणून कुणाला दिसलं नाही. काही रुपयांची रिंग. ती बदलली, फुगा घट्ट झाला, इंजिन सातव्या ओढीला पेटलं. पण मूठ सैल केली की मरायचं. संगमावर मेलं तसंच.

काकांनी कार्बोरेटर उतरवला. तळाच्या वाटीत मधासारखा पिवळट चिकट थर. मुख्य जेट बऱ्यापैकी मोकळा, पण मंद गतीचा जो बारीक जेट असतो, सुरू होताना आणि हळू चालताना ज्यातून इंजिन पितं, तो बुजलेला. काकांनी तो प्रकाशाकडे धरला. पलीकडचं काही दिसेना. मी तार शोधायला उठलो तर ओरडले. तारेने भोक मोठं होतं आणि मग इंजिन कायमचं बिघडतं. त्यांनी जाळ्यातल्या तंगुसाचा एक तुकडा घेतला, पेट्रोलात बुडवून हलक्या हाताने फिरवला, फुंकर मारली.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "मे महिन्यात ह्येच्यात पेट्रोल कोणी ठेवल्यान?"

मी ठेवलं होतं. मेअखेरीस होडी वर ओढताना मीच होतो. एक जूनपासून मासेमारी बंद, मला मुंबईची गाडी पकडायची होती, इंजिन तसंच पडवीत उभं केलं. दोन-अडीच महिने पावसाळी हवेत वाटीतलं पेट्रोल उडत गेलं आणि डिंक उरला. भाऊ दोरी ओढत होता, त्याच्या तळहाताची साल निघाली, कर्ज झालं, आणि दोष मिळाला इंजिनाच्या वयाला. मी काकांपुढे गप्प बसलो. भावाला दोन दिवसांनी सांगितलं. तो हसला नाही. आगाऊ रक्कम परत मिळण्यातली नव्हती.

आता समोरच्यांचं म्हणणं. "तुमच्या काकांना वेळ होता, आम्हाला आहे का?" वरचं सगळं करायला एक दुपार लागली. कर्ज फेडायला भावाला किती दुपारी लागतायत ते त्याला विचारा. "जुनं टू-स्ट्रोक धूर आणि तेल पाण्यात सोडतं." हे खरं आहे, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही, फोर-स्ट्रोक खाडीला बरं. ज्याचा दाबच गेला, ज्याचं अंग खाऱ्या पाण्याने खाल्लं, तेही खुशाल टाका. तपासून टाका, एवढंच माझं म्हणणं. "नवीन घेतलं की कटकट नाही." यावर मात्र मी ऐकून घेणार नाही. भावाचं नवीन इंजिन पुढच्या पावसाळ्यात तसंच पेट्रोल भरून उभं राहिलं आणि पुढच्या ऑगस्टात तसंच खर्र खर्र करू लागलं. वय? एक वर्ष.

शिवाय पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि नळीचं तोंड तळाशीच असतं. टू-स्ट्रोकचं तेल वरच्या पेट्रोलात राहतं, म्हणजे इंजिनाला तेलाविना पाणी. जुन्या नळ्यांचं रबरही त्यात फुगतं. हे धोरण चूक की बरोबर ते ऊसवाल्यांना आणि सरकारला विचारा. खाडीत उभ्या होडीच्या टाकीचा विचार ते करताना कुणी केला असेल असं मला वाटत नाही. आपण एवढंच करावं, की महिन्याचं पेट्रोल भरून ठेवू नये आणि शंका आली तर काचेच्या बाटलीत थोडं काढून उभं ठेवावं. थर दिसला की ते होडीत घालू नये.

काकांचं इंजिन आता माझ्याकडे आहे, भंगारात गेलं नाही. गेल्या मेच्या शेवटी भावाचा फोन आला. "दादा, नळी काढून पिंपात मरेपर्यंत चालवचां ना?"

"होय. गोडं पाणी भर. वाटीतला सगळां पेट्रोल संपाक् व्हयां."

त्याने फोन तसाच जमिनीवर ठेवला असावा. मला पिंपातल्या पाण्याचा बुडबुडाट आणि इंजिनाचा आवाज ऐकू येत राहिला. मिनिटभराने तो अडखळला, एकदा चढला, आणि थांबला.