‘मनावर घेऊं नको!’

प्रतिवर्षीं कार्तिकी पौर्णिमेस बीड जिल्ह्यांतील कपिलधार येथें मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनास दूरदूरच्या दिंड्या येतात. दिवाळीस घरीं आलेलीं कॉलेजचीं मुलेंहि वडिलधाऱ्यांबरोबर या वाटेनें चालतात. अशा वेळीं एखादा मुलगा धीर करून सांगूं लागतो कीं, ‘काय करायलास?’ एवढें म्हणतांच पुण्याच्या वसतिगृहांत हंशा पिकतो. आडनांव ऐकून सोबती जातीचा अंदाज घेतात. आतां वर्गांत तोंड उघडवत नाहीं, रात्रीं झोंप लागत नाहीं. यावर घरचें उत्तर ठरलेलें : ‘एवढें मनावर घेऊं नको!’ यासारखें निर्दय उत्तर दुसरें नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अमेरिकेंतील कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पियर्स यांनीं १९७० सालीं अशा बारीकसारीक अवमानांस स्वतंत्र नांव दिलें. एकेक टोमणा क्षुल्लक दिसतो. घात करितें तें त्याचें सातत्य. कपिलधारेच्या प्रपाताखालचा खडक कांहीं एका थेंबानें झिजलेला नाहीं.

‘आम्हींहि पुष्कळ सोसलें, आमचें काय बिघडलें?’ असें वडील मंडळी विचारतील. काय बिघडलें तें त्यांच्या घरच्यांस विचारावें! न बोललेला अपमान जिरत नाहीं. तो संताप होऊन बायकामुलांवर निघतो. शिवाय याच घरांत सुनेचा वर्ण आणि धाकट्याचें तोतरें बोलणें हे विनोदाचे नेहमींचे विषय असतात. मुलाची जखम खरी मानली, तर या विनोदांचाहि जाब द्यावा लागेल, हें घर ओळखून असतें. म्हणून ‘मनावर घेऊं नको’ याचा खरा अर्थ ‘आम्हांस सांगूं नको’ एवढाच आहे.

वास्तविक मुलास सांगण्यासारखें पुष्कळ आहे. आद्यकवि मुकुंदराजांची समाधि याच जिल्ह्यांत अंबाजोगाईस आहे. मन्मथस्वामींनीं ‘परमरहस्य’ मराठींतच रचिलें. त्या भूमीच्या बोलीस हंसणाराचें अज्ञान हास्यास्पद आहे, बोली नव्हे. पण अभिमानाच्या गोष्टी मागाहून. आधीं मुलाचें म्हणणें मध्यें न तोडतां शेवटपर्यंत ऐकावें. झोंप व भूक उडाली असेल, तर त्यास डॉक्टरांकडे न्यावें. २०२२ पासून ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर सरकारी सल्लाहि विनामूल्य मिळतो. २०१७ च्या कायद्यानें मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क मानिला. घरानेंच त्यास कलंक समजावें, हें लाजिरवाणें होय. तापास डॉक्टर आणि मनास मौन, ही वांटणी आतां मोडलीच पाहिजे.