सहाचा निरोप साडेअकराला

आईला थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही. आमच्या घरात ही शिक्षाच. ती साताऱ्यात, मी नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये. म्हणून गेल्या वर्षी मी भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर सोय केली होती: रोज सकाळी सहाला तिच्या टेलिग्रामवर आपोआप निरोप, "गोळी घेतलीस?"

मागच्या महिन्यात स्वस्त पडतो म्हणून सर्व्हर बदलला. तिसऱ्या दिवशी आईचा फोन. "अगं, तुझा निरोपच येत नाहीये. मी आधी चहा घेऊन बसते आणि मग आठवतं."

तीन दिवस! मी लगेच प्रोग्रॅम हाताने चालवून पाहिला, तर निरोप दोन सेकंदांत पोचला. म्हणजे प्रोग्रॅम ठीक, पण वेळापत्रकाने चालत नव्हता. बीए इंग्लिशच्या मुलीने इथे हात टेकले. ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्या भैयांना विचारलं, तर त्यांचा एकच प्रश्न, "मॅडम, लॉग देखा?"

नव्हता पाहिला. लिनक्स सर्व्हरवर ठरलेल्या वेळी कामं करणाऱ्याचं नाव क्रॉन. १९७० च्या दशकापासून हा गडी राबतोय. मिनिट, तास, तारीख, महिना, वार अशा पाच खणांत वेळ लिहायची, पुढे काम लिहायचं, की झालं. लॉगमध्ये दिसलं, की क्रॉन रोज काम सुरू करत होता. काम अडलं की तो तक्रार सर्व्हरवरच्याच मेलने पाठवतो, आणि माझ्या नव्या सर्व्हरवर मेलची सोयच नव्हती. त्यामुळे तक्रार फेकून दिल्याची नोंद तेवढी होती! भैयांनी त्या ओळीच्या शेवटी सगळं बोलणं एका फाइलमध्ये उतरवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, तर एक लायब्ररी सापडत नसल्याचं लिहिलेलं.

असं का? मी लॉगिन करते तेव्हा माझ्या सगळ्या सेटिंग्ज सोबत येतात. क्रॉन त्या घेत नाही. रोजच्या ई-रिक्षावाल्याला "नेहमीच्या ठिकाणी" म्हटलं की पुरतं. नवख्याला सेक्टर, ब्लॉक, गल्ली सगळं सांगावं लागतं. मी नुसतं "पायथन" लिहिलं होतं, तर क्रॉनने सर्व्हरचा मूळ पायथन उचलला. माझ्या लायब्ऱ्या ज्याच्याकडे होत्या तो वेगळ्या फोल्डरमध्ये. पूर्ण पत्ता लिहिला आणि निर्धास्त झोपले.

निरोप गेला. साडेअकराला.

आईने फोनवर हसून विचारलं, "हे आता जेवणानंतरच्या गोळीचं का?"

साडेपाच तासांचा फरक दिसला की भारतीय माणसाने लगेच ओळखावं. सर्व्हर मुंबईतला असला तरी त्याचं घड्याळ बहुतेक वेळा जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर लावलेलं असतं. आपली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून धरतात. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून ३३० मिनिटं, साडेपाच तास. ही वेळ १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' पुढे कित्येक वर्षं सोडली नव्हती! आज देशाची प्रमाणवेळ सांभाळणारी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा इथे दिल्लीतच, पुसा भागात आहे. तिथे अणुघड्याळं आहेत, आणि माझ्या सर्व्हरला मात्र साताऱ्याची सकाळ कळत नव्हती.

सर्व्हरचा टाइम झोन 'एशिया/कोलकाता' केला. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेअकराच! घड्याळ बदलल्यावर क्रॉनलाही बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. तो सुरू होतानाची वेळच धरून बसला होता. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते.

खरं तर औषधासारखी गोष्ट एकट्या सर्व्हरवर सोडणं हाच माझा आगाऊपणा होता. आता आईच्या फोनमध्ये सहाचा साधा अलार्मही लावून दिलाय, आणि तिने गोळ्यांची पट्टी चहाच्या डब्यावरच रबराने अडकवली आहे.

काल सहा वाजून दोन मिनिटांनी तिचं उत्तर आलं: "घेतली. साडेसहा कधी वाजणार?"