पडदा आधी, पेटी नंतर

मागच्या उन्हाळ्यात आमच्या खोलीवर एक वाद चांगलाच रंगला होता. विषय साहित्याचा नव्हता, राजकारणाचाही नव्हता. धानाच्या चुकाऱ्यातून बाबांनी मला ४५,००० रुपये दिले होते आणि त्यांत फोटोंवर काम करण्यासाठी कोणता संगणक घ्यावा, हा प्रश्न होता. उत्तर प्रत्येकाजवळ होते. पैसे एकट्या माझ्याजवळ होते, आणि तेही माझे नव्हते. ते हातात देताना बाबा एवढेच म्हणाले होते, "एवढ्याचा बैल येते ना गा!"

कला शाखेच्या विद्यार्थ्याने असल्या भानगडीत का पडावे, असे आमच्या काही प्राध्यापकांना वाटते. "अरे, मोबाइल पुरे की!" असे एक सर म्हणालेही. सरांचा मान राखून सांगतो, पुरत नाही. गेली तीन वर्षे मी झाडीपट्टीच्या नाटकांचे फोटो काढतो आहे. दिवाळी झाली की मंडया भरू लागतात आणि वडशाच्या नाट्यमंडळांच्या गाड्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांत फिरू लागतात. रात्री उभे राहिलेले नाटक पहाटे कोंबडे आरवले तरी संपत नाही. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या पुष्कळांनी या रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकले असेल. ताडोबात येणारी मंडळी हातभर लांबीच्या भिंगांनी वाघाची मिशी न् मिशी टिपून नेतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथून काही कोसांवर रात्रभर गाणाऱ्या नटाचा एक धड फोटो त्याच्या स्वतःच्या घरी नसतो, हे मी पाहिले आहे.

या फोटोंची अडचण उजेडाची आहे. मांडवात प्रकाश कमी, त्यात लाल-निळे दिवे. लाल दिव्याखाली चेहऱ्याचा लाल रंग इतका चढतो की नाकडोळे सपाट होतात. कॅमेऱ्याने फोटो जेपेग करून दिला, तर प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच हाती लागतात. कच्ची फाइल, म्हणजे 'रॉ', चौदा बिटांची असली तर त्याच पायऱ्या १६,३८४ होतात, आणि त्या अंधारातून हरवलेला चेहरा पुष्कळदा परत ओढून काढता येतो. मात्र अशी एकेक फाइल सहज २५ मेगाबाइटची. एका रात्रीत ८०० फोटो निघाले की २० गिगाबाइट भरले. संगणकाची गरज इथे सुरू होते.

आता वादाकडे वळतो. माझ्या मित्राचा आग्रह होता की खेळांसाठी बनवलेला, काचेच्या पेटीचा, आत इंद्रधनुष्यी दिवे फिरणारा संगणक घ्यावा. दुकानातही तोच पुढे केला जातो. सगळे पैसे पेटीवर उडतात आणि पडदा मग 'कोणताही चालेल' असा येतो. माझे मत नेमके उलट आहे. फोटोचे काम करणाऱ्याने आधी पडदा घ्यावा आणि उरलेल्या पैशात पेटी बसवावी.

याला कारण आहे. संगणक मंद असला तर आपला वेळ जातो. पडदा खोटा असला तर काम जाते, आणि गेले हे आपल्याला कळतही नाही. स्वस्त जुन्या टीएन पडद्याकडे जरा खालून पाहिले की चेहरा काळवंडतो, वरून पाहिले की फिका पडतो. मग आपण रंग सुधारतो तो फोटोचा की आपल्या मानेचा? मी अशाच एका पडद्यावर, उजेड पूर्ण चढवून, एक फोटो मोठ्या कौतुकाने तयार केला होता. छापून आला तेव्हा नायिका कुठे आहे हे बोट ठेवून दाखवावे लागले. पडदा स्वतः दिव्यासारखा जळत होता, म्हणून मी फोटो काळोखा करत गेलो होतो. तेव्हा आयपीएस पडदा, एसआरजीबी रंगांची पूर्ण झेप आणि उजेड बेताचा, यात तडजोड नको.

पेटीच्या बाबतीत मी जुन्याच्या बाजूचा आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि कार्यालयांतून पुष्कळ संगणक बाहेर पडू लागले. त्यांत सापळाही आहे. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर विंडोज ११ त्याला अधिकृतपणे स्वीकारत नाही. तेव्हा पिढी विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत. पेटी उभी आणि मोठी असावी. चपट्या पेटीत मोठे ग्राफिक्स कार्ड मावत नाही, मावले तरी आतला वीजपुरवठा त्याला पुरत नाही. रॅम १६ गिगाबाइट हवीच. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांच्या मागणीपायी तिचे भाव जगभर चढले, म्हणून आधीच बसवलेली मिळाली तर उत्तम.

फोटोतले दाणे काढणाऱ्या नव्या आज्ञावलींना भारी ग्राफिक्स कार्ड लागते, हे मित्राचे म्हणणे मला मान्य आहे. कार्ड नसले तर एकेका फोटोला काही मिनिटे लागतात. पण ८०० पैकी खरोखर ठेवण्यासारखे वीस असतात. वीस फोटो लावून द्यावेत आणि चहाला जावे. शिवाय डार्कटेबल आणि गिम्प फुकट आहेत. २०२५ साली आलेले गिम्प ३.० तर पहिल्यापेक्षा बरेच शहाणे झाले आहे.

लॅपटॉप का नको, असेही विचारले गेले. मे महिन्यात इथला पारा ४६-४७ अंशांवर जातो, हे चंद्रपूरकरांना मी सांगायला नको. वर कोळशाची धूळ. मोठी पेटी उघडून महिन्याला ब्रशने झाडता येते, पंखा बदलता येतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती. माझे मामा नाटकात पेटी वाजवत. दोन हंगाम मी त्यांच्या मागे फिरलो. ते सगळे फोटो एका जुन्या संगणकात, एकाच हार्ड डिस्कवर होते. गावात वीज सारखी जायची-यायची. एका संध्याकाळी संगणक बंद पडला तो पडलाच, आणि डिस्क कुठेच उघडेना. २,९२० मेगावॅटचे वीजकेंद्र आपल्या उशाशी आहे, आणि मी तीन हजारांचा यूपीएस घेतला नव्हता! पुढच्या पावसाळ्यात मामा गेले. चौदावीच्या दिवशी भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मिळाला तो कुणाला तरी मोबाइलवरून पाठवलेला, आकसलेला. मोठा केला तर बोटे कुठली आणि पट्ट्या कुठल्या, ते ओळखू येईना.

म्हणून माझ्या ४५,००० च्या यादीत पडद्याच्या खालोखाल यूपीएस आणि दोन बाहेरच्या डिस्क होत्या. मित्र हसला. प्रोसेसरमध्ये मी कमी पडलो हे खरे आहे, आणि मोठा फोटो उघडताना ते जाणवतेही.

महाविद्यालयाकडे एक मागणे आहे. पडद्यावर टांगून रंग मोजणारे छोटे उपकरण मिळते. ते महिन्यातून एकदाच लागते, त्यामुळे प्रत्येकाने घेणे वेडेपणाचे. ग्रंथालयाने एक घ्यावे आणि पुस्तकासारखे घरी न्यायला द्यावे. फोटो काढणारी आम्ही दहा-बारा मुले-मुली आहोत. ते कपाटात पडून राहणार नाही.

संगणक गावी पोचला तेव्हा बाबांनी दोन डिस्क उलटसुलट करून पाहिल्या. "दोन कशाले गा?" मी सांगितले, एक माझ्याजवळ चंद्रपूरला, एक इथे. त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसरी डिस्क आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली आहे, सातबाराच्या कागदांखाली.