लांबून दिसते काय?

२००१ च्या स्वातंत्र्यदिनी भारतीय नौदलाच्या निशाणावरून सेंट जॉर्जचा लाल क्रॉस गेला. साहेबाची ती खूण स्वतंत्र देशाच्या युद्धनौकांवर अर्धशतक फडकत राहिली, हेच मुळात नवल होते. तिच्या जागी पांढऱ्या कापडावर नौदलाचे निळे बोधचिन्ह आले आणि सगळ्यांनी समाधानाने मान डोलावली. पण समुद्रावर तक्रार सुरू झाली की, निळे चिन्ह आभाळ-पाण्याच्या निळाईत विरते आणि निशाण नीट ओळखू येत नाही. २००४ च्या एप्रिलात तोच क्रॉस मधोमध अशोकस्तंभाचे सिंह घेऊन मुकाट परतला. साहेबावर कोणाचे प्रेम उतू गेले होते असे नाही. लाल पट्टे लांबून दिसतात, एवढेच.

लष्करी निशाण जन्माला आले तेच मुळी दिसण्यासाठी. काळ्या दारूच्या धुरात आपली पलटण कुठे आहे, हे शिपायाला कळायचे ते काठीवरच्या कापडावरून. ते कापड डोळ्यांत भरून राहावे म्हणून रांगांपुढून संथ चालीने फिरवून दाखवायचे. लंडनचा ‘ट्रूपिंग द कलर’ हा सोहळा त्याच कवायतीतून आला. निशाण गमावणे ही नामुष्की, म्हणून त्यासाठी जीवही दिला जाई. १८७९ मध्ये इसांडलवानाला झुलूंनी इंग्रजांचा धुव्वा उडवला, तेव्हा लेफ्टनंट मेलव्हिल पलटणीचे निशाण घेऊन घोड्यावरून निसटला आणि बफेलो नदीकाठी मारला गेला. निशाण मागाहून नदीत सापडले. दोनच वर्षांनी, लेंग्ज नेकच्या लढाईत, ब्रिटिश पायदळाने आपले निशाण शेवटचे रणात नेले. लांब पल्ल्याच्या रायफलींपुढे असे ठळक लक्ष्य मिरवणे परवडण्याजोगे राहिले नव्हते.

तेव्हापासून पायदळाचे निशाण संचलनापुरते उरले. त्यावर रेशमाने लढायांची नावे भरली जातात, ती जवळ जाऊन वाचायची. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पलटणीची वंशावळ कुठेतरी लिहिलेली असावीच. तोफखान्याने तर ही भानगडच ठेवली नाही. तोफ हेच त्याचे निशाण, आणि मानवंदनाही तिलाच.

खरी कसोटी लागते ती घोडदळाच्या छोट्या, दुभागलेल्या शेपटीच्या गायडनची. अमेरिकी घोडदळाचा गायडन पाहावा. वरचा अर्धा लाल, खालचा पांढरा. लालवर पांढऱ्यात रेजिमेंटचा आकडा, पांढऱ्यावर लालमध्ये तुकडीचे अक्षर. बस्स. यादवी युद्धाच्या धामधुमीत १८६२ साली तिथेही देशभक्तीने उचल खाल्ली आणि गायडनवर राष्ट्रध्वजाचे तारे-पट्टे आले. १८८५ मध्ये ते काढून पुन्हा लाल-पांढरे आणले. धुळीच्या लोटात काठीवर नुसते दुभागलेले टोक दिसले तरी पुरते, हे घोड्यावर बसणाऱ्याला समितीपेक्षा चांगले कळते. आपल्या भगव्या झेंड्यालाही तशीच दोन टोके आहेत आणि त्यावर एक अक्षरही नाही. तरी तो कोणाचा, हे ओळखायला कधी कोणाचे अडले नाही.

आता २०२२ चे नौदलाचे निशाण. २ सप्टेंबरला कोचीत ‘विक्रांत’ नौदलात दाखल होताना ते फडकले. क्रॉस कायमचा गेला. कोपऱ्यात तिरंगा, शेजारी निळा अष्टकोन, त्याला दुहेरी सोनेरी किनार. हा आकार शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला, म्हणून महाराष्ट्राने त्याचे कोडकौतुक केले. कौतुक योग्यच, पण आम्हाला तो अष्टकोन वेगळ्याच कारणाने पटतो. तो भरीव आहे. २००१ चे चिन्ह रेघारेघांचे होते, म्हणून विरले. पांढऱ्यावर भरून काढलेला निळा ठोकळा तसा विरत नाही. रंग तोच निळा, फरक आहे तो घडणीत.

घोटाळा आहे तो अष्टकोनाच्या पोटात. तिथे नांगर आहे, नांगरावर अशोकस्तंभ आहे, मागे ढाल आहे आणि खाली ‘शं नो वरुणः’ हे ब्रीदही आहे. आपल्याकडे सहकारी बँकेच्या बोधचिन्हात नांगर, चाक, मशाल, पुस्तक आणि एक संस्कृत वचन असे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. पण ते चिन्ह पासबुकावर छापायचे असते, वादळात डोलणाऱ्या जहाजाच्या मागच्या टोकाला लावायचे नसते. नांगर एकटा ठेवला असता तरी चालले असते. नौदलाचा नांगर जगात कुणालाही ओळखू येतो. ब्रीद मात्र वाचायचे तर निशाण खाली उतरवून टेबलावर पसरावे लागेल.