इन्व्हर्टर काढता येतो का?

चिप उद्योगात शिरू पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला सल्ला ठरलेला असतो : आधी लाखभराचा कोर्स लाव, मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवर हात बसव, मग लेआउटचं बघू. हा क्रम उलटा करायला हवा.

लेआउट म्हणजे सर्किटमधल्या प्रत्येक घटकाचा सिलिकॉनवरचा नेमका आकार आणि जागा आखणं. त्यावरूनच चिप छापण्याचे मास्क तयार होतात. १९७१ साली आलेल्या इंटेल ४००४ चे सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर असेच आखले गेले, तेही लाल फिल्म हाताने कापून. आज त्यासाठी बर्कली विद्यापीठात जन्मलेलं 'मॅजिक' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. २०२० साली गुगल आणि चिप बनवणारी स्कायवॉटर कंपनी यांनी १३० नॅनोमीटर तंत्राचे आखणीचे नियम खुले केले. एरवी असे नियम गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय बघायलाही मिळत नाहीत.

सुरुवात इन्व्हर्टरपासून, म्हणजे इनपुट उलटं करणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरच्या सर्किटपासून करावी. पडद्यावर हिरव्या डिफ्यूजनवरून पॉलिसिलिकॉनची लाल पट्टी आडवी गेली की ट्रान्झिस्टर झाला. वर एन-वेलमध्ये पीमॉस, खाली एनमॉस. पीमॉस सहसा जास्त रुंद ठेवतात, कारण त्यातले होल इलेक्ट्रॉनपेक्षा मंद धावतात. स्कायवॉटरच्या या तंत्रात पॉलिसिलिकॉनची पट्टी किमान ०.१५ मायक्रॉन रुंद हवी, ०.१४ काढली की डीआरसी (आखणी नियमांत बसते का याची तपासणी) लगेच चूक दाखवतं. मात्र तार भलत्याच ठिकाणी जोडली, तर डीआरसीला त्याचा पत्ताही लागत नाही. ती चूक सापडते एलव्हीएसमध्ये, म्हणजे लेआउट मूळ सर्किटशी ताडून पाहताना.

कंपन्यांत वेगळी सॉफ्टवेअर वापरतात आणि आधुनिक तंत्रांचे नियम कितीतरी किचकट असतात, हा आक्षेप खरा आहे. पण मेनू आणि शॉर्टकट नोकरीत शिकता येतात. तारेची लांबी वाढली की वेग का घटतो, वेलला कॉन्टॅक्ट का द्यावा लागतो, ही समज मात्र स्वतः चुकत चुकत आखल्याशिवाय येत नाही.

केंद्राच्या 'चिप्स टू स्टार्टअप' कार्यक्रमाचं लक्ष्य ८५,००० जणांना तयार करण्याचं आहे. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत विद्यार्थ्यांच्या चिपही बनू लागल्या आहेत. तिथवर पोहोचायचं, तर विद्यापीठांनी तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलचे गुण जर्नलमध्ये उतरवलेल्या आकृत्यांना देणं थांबवावं. ते गुण डीआरसी आणि एलव्हीएस या दोन्हींतून पार पडलेल्या फाइलला द्यावेत. त्यासाठी लिनक्स चालणारे साधे संगणक पुरतात, आणि ते अनेक प्रयोगशाळांत आधीच आहेत.