श्रोत्यांची रांग आणि अध्यक्षांची खुर्ची

आज २७ फेब्रुवारी. कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. संध्याकाळी नाशकातल्या कोणत्याही साहित्यिक कार्यक्रमाला जा, पुढच्या रांगांत बायका वेळेआधी येऊन बसलेल्या दिसतील. व्यासपीठावरच्या खुर्च्यांकडे मात्र जरा निरखून पाहावे लागते.

न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले ते १८७८ साली. त्यातून उभ्या राहिलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर पहिली स्त्री आली १९६१ साली, ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. मधली ८३ वर्षे बायका लिहीत नव्हत्या काय? निदान नाशिककरांनी तरी तसे म्हणू नये. इथून हाकेच्या अंतरावरच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी लग्नानंतर अक्षरे गिरवली आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून १९३६ साली जगाचा निरोप घेतला. अध्यक्षपदाला स्त्री चालते, हे कळायला तिथून आणखी पंचवीस वर्षे गेली.

पुढे कऱ्हाडला १९७५ साली दुर्गा भागवत आल्या आणि ऐन आणीबाणीत त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू ठणकावून मांडली. मग १९९६ साली आळंदीला शान्ता शेळके, २००१ साली इंदूरला विजया राजाध्यक्ष. २०१८ पर्यंतच्या ९१ संमेलनांत एवढ्या चौघीच. त्यानंतर संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाने निवडणूक बंद करून चर्चेने अध्यक्ष ठरवायला सुरुवात केली. नव्या रीतीचा पहिला मान अरुणा ढेरे यांना मिळाला. २०२५ साली दिल्लीत तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या. बायकांची लेखणी काही एका वर्षात तेजाळली नव्हती. निवडायची रीत बदलली होती.

रीत आड येण्याची ही गोष्ट केवळ मराठीची नाही. शेरलॉक होम्सच्या चाहत्यांचे न्यूयॉर्कमधले ‘बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स’ हे मंडळ १९३४ सालचे. होम्सला चकवणारी आयरीन अ‍ॅडलर कथेत चालली, पंगतीला वाचक बाई चालेना. १९६८ साली तरुणींनी त्यांच्या वार्षिक भोजनाबाहेर निदर्शने केली. दार खुले व्हायला १९९१ उजाडले.

त्याच १९९१ साली नाशकात साहित्यिकांसाठीचा जनस्थान पुरस्कार सुरू झाला. इथे दार कुणालाच बंद नव्हते. तरी २०२५ पर्यंतच्या अठरा मानकऱ्यांत स्त्रिया तीनच : इंदिरा संत, विजया राजाध्यक्ष, आशा बगे. पहिल्या दोघींत अंतर २२ वर्षांचे. मराठीला मिळालेल्या चार ज्ञानपीठांत तर एकही नाही. मनाईची पाटी नसली म्हणजे वाट मोकळी असतेच असे नाही. नावे सुचवणाऱ्यांच्या बैठकीत कोण बसते, यावर पुष्कळ ठरते.

म्हणून आज टाळ्या वाजवून घरी जाताना आपापल्या वाचनालयाच्या, साहित्य मंडळाच्या कार्यकारिणीची यादी एकदा वाचावी. पुढच्या निवडणुकीत बायकांनी अर्ज भरावेत, आणि सूचक-अनुमोदक म्हणून सही करायला पुरुषांनी आपणहून पुढे यावे.