चाल कुणाच्या बापाची?

परवा आमच्या सोसायटीतल्या एका मावशी गेल्या. आमचा हडपसरचा तीस वर्षांचा शेजार. नाताळात त्यांच्याकडच्या करंज्या आमच्याकडे यायच्या आणि दिवाळीत आमच्या चकल्या त्यांच्याकडे जायच्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात प्रार्थना होती, म्हणून आम्ही सगळे गेलो. पेटी, तबला, झांजा आणि अस्सल मराठी भजनं. डोळे मिटून ऐकलं असतं तर एकादशीला आजीच्या माजघरात बसलोय असंच वाटलं असतं.

जिना उतरताना आमचे एक काका कानात कुजबुजले, "बघितलंस? चाली आपल्याच उचलल्यात!" आणि खाली पार्किंगमध्ये मावशींचा नातू मित्राला सांगत होता, "ती म्हाताऱ्यांची गाणी रे. आमचा ग्रूप वेगळं गातो." लगेच मोबाईलवर त्याने एका आफ्रिकन गॉस्पेल गायिकेचं गाणं लावलं. गाणं खरंच जबरदस्त होतं, ढोल, टाळ्या, अंगावर काटा वगैरे. पण एकाच जिन्यावर दोन माणसं एकाच भजनाला दोन बाजूंनी हाकलून देत होती, याचा मला मनापासून राग आला. (काका हा ब्लॉग वाचतात. वाचू देत.)

आधी काकांचं बघू. मराठी ख्रिस्ती भजन म्हटलं की पहिलं नाव येतं ना. वा. टिळकांचं. 1861 सालचा जन्म, कोकणातलं चित्पावन घराणं. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते नावाजलेले कवी होते. मग मला सांगा, त्यांनी उचललं ते कुणाचं? अभंग आणि ओवी त्यांच्या घरातच होती. धर्म बदलताना माणसाने मातृभाषाही उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी, असा नियम कुणी केला? तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते उघड सांगत. चोर असा मालकाचं नाव घेत हिंडत नाही.

काकांच्या मनातला संशय मला कळत नाही असं नाही. टिळकांच्या धर्मांतराने त्यांच्या घराची काय दशा झाली, ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलंय. नवऱ्यापासून दूर काढलेली वर्षं, सोवळ्याओवळ्याची घालमेल, सगळं. ते वाचून टिळकांवर चिडायचा हक्क प्रत्येकाला आहे, मीही चिडलोय. पण राग माणसावर काढा. तो गाण्यावर काढून काय मिळणार?

आणि आपण तरी कुठे सरळ वागतो? शाळेत टिळक कोण, तर 'फुलामुलांचे कवी'. 'केवढे हे क्रौर्य!' मधल्या पक्षिणीसाठी आम्ही वर्गात रडलो. पण ज्या भजनांवर या माणसाने उभं आयुष्य घातलं, त्यांचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. फुलं आपली आणि भजनं 'त्यांची', अशी कवीची उभी वाटणी करून आपण मोकळे!

आता नातवाकडे वळतो. बाळा, तुला त्या आफ्रिकन गाण्यात नेमकं काय आवडतं? त्यांचे ढोल, त्यांचा ठेका, त्यांची भाषा. बरोबर? ते त्यांना फुकट मिळालेलं नाही. घानाचे एफ्राइम आमू यांचं उदाहरण घे. अक्रोपाँगच्या मिशनच्या कॉलेजात ते शिकवत. उपासनेत आफ्रिकन वाद्यं आणि अंगावर आफ्रिकन वस्त्र, एवढ्यावरून चर्चवाल्यांशी वाजलं आणि 1933 साली त्यांची नोकरी गेली. पुढे त्याच देशाने त्यांचं चित्र नोटेवर छापलं. दक्षिण आफ्रिकेत एनॉक सोंटोंगा नावाच्या मिशन शाळेतल्या शिक्षकाने 1897 मध्ये आपल्या भाषेत एक प्रार्थनागीत रचलं. ते आज त्यांच्या राष्ट्रगीताचा भाग आहे.

हेच काम टिळकांनी नगरला केलं (आता अहिल्यानगर म्हणायचं). भाषांतरित स्तोत्रं विलायती चालींवर म्हणणाऱ्या मंडळींच्या हातात त्यांनी आपले अभंग आणि झांजा दिल्या. त्यांची कितीतरी पदं 'उपासना संगीत'मध्ये आहेत. शेवटी 1917 साली मिशनचा पगार सोडून संन्याशाची वस्त्रं घातली. 1919 साली गेले. म्हणजे तू मोबाईलवर ज्याला दाद देतोस, तेच तुझ्या आजीच्या घरात शंभर वर्षं वाजतंय, आणि त्याला तू म्हाताऱ्यांचं म्हणतोस!

आमच्या हडपसरला दरवर्षी दोन पालख्या वेगळ्या होतात. माउली दिवे घाटाकडे वळतात आणि तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे निघतात. पण यावरून 'शेवटी सगळे एकच' असं गुळमुळीत काही मी म्हणणार नाही. त्या दोन्ही पालख्या पंढरपूरला जातात. टिळकांचं पंढरपूर वेगळं होतं, आणि सगळं एकच म्हटलेलं त्यांना खपलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की मुक्काम कुठलाही असो, चालताना म्हणायची भाषा दोघांचीही मराठीच होती. ती चाल काकांच्याही बापाची आणि त्या नातवाच्याही.

असो. पुढच्या महिन्यात मावशींकडे पुन्हा प्रार्थना आहे. पेटी वाजवणारे मामा आता थकलेत, तबलजीचा हात दुखतो. नातू शाळेत तबला शिकलाय, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याला बसवायचं ठरवलंय. काकांनाही नेणार आहे. झांजा त्यांच्याच कपाटात पडून आहेत, आजीच्या.

बघा, तुम्हाला पटतंय का.